मुकादमाची कामं

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी एक पाडा होता. पावसावर भात आणि नागली पिकायची. नागली घरात आली, डोंगऱ्यादेवाचा उत्सव झाला, की पाड्यावर काम उरायचं नाही. मग बावीस माणसांची एक टोळी बोचकी बांधायची, पिंपळनेरला यायची आणि ताहाराबाद, सटाणा ओलांडून नाशिककडच्या द्राक्षबागांत उतरायची. होळीला परत यायची.

टोळीला एक मुकादम होता. आषाढ-श्रावणात, कणग्या रिकाम्या असताना, तो घरोघर उचल वाटायचा. ज्याने उचल घेतली, त्याचा हिवाळा मुकादमाचा.

गोष्टींमधले मुकादम बहुधा काळेकुट्ट असतात. हा तसा नव्हता. एका रात्री टोळीतल्या बाईचं बाळंतपण अडलं, तेव्हा त्याने स्वतःची जीप काढून तिला वणीच्या दवाखान्यात पोचवलं. बाई वाचली, मूलही वाचलं. जीपचं भाडं मात्र तिच्या नवऱ्याच्या नावावर लिहिलं गेलं.

किती लिहिलं, ते कोणाला कळलं नाही. वही मुकादमाची, वाचणारा मुकादम, बेरीज करणाराही मुकादमच. हंगाम संपला की तो एकेक नाव घ्यायचा आणि आकडा सांगायचा. कोणाच्या हातात चार पैसे पडायचे, कोणाच्या अंगावर पुढच्या वर्षासाठी उचल उरायची.

टोळीत दहावीपर्यंत शिकलेला एक तरुण होता. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. एका सकाळी बागायतदाराच्या पोराने वजनाची चिठ्ठी मुकादमाऐवजी भाऊच्या हातात दिली. चिठ्ठीवर तोडणीचा टनाचा दर होता. रात्री चुलीच्या उजेडात भाऊने हिशेब मांडला. बागायतदार शंभर रुपये देत होता, तेव्हा टोळीला पंच्याहत्तर मिळत होते. आणि उचल, जीप, औषधं वळती व्हायची ती त्या पंच्याहत्तरातून.

‘मुकादम नको,’ असं त्या रात्री ठरलं. ठरायला फार वेळ लागला नाही.

एक म्हातारे आप्पा तेवढे गप्प होते. तरुणपणी ते जंगल कामगार सोसायटीत तोडीला जायचे. त्या सोसायट्यांची हकिकत जुनी होती. आधी जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावात ठेकेदाराकडे जायचे आणि ठेकेदार आदिवासींकडून पडत्या मजुरीत लाकूड तोडून घ्यायचा. १९४७ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई प्रांतात तोडणाऱ्यांच्याच सहकारी संस्था उभ्या करायला घेतल्या आणि लिलाव न करता त्यांना कूप द्यायचं ठरवलं. ठाणे, नाशिक, डांग, पश्चिम खानदेश, सगळीकडे अशा सोसायट्या निघाल्या. कुऱ्हाड ज्याची, जंगलाचं काम त्याचं.

‘मग आप्पा, तुमच्या सोसायटीचं काय झालं?’ भाऊने विचारलं.

‘मजुरी वाढली. ते खरं. चेअरमन आमच्यातलाच होता. सह्या तोच करायचा. कशावर करतोय, ते सेक्रेटरी सांगायचा.’ आप्पांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. ‘ठेकेदार गया भो, पन त्यानी खुर्ची तठेच ऱ्हायनी.’

त्या रात्री हे कोणी मनावर घेतलं नाही.

पावसाळ्यात भाऊ आणि टोळीतल्या दोघी बाया साक्रीला सहकार खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने त्यांना बसवून १९६० चा कायदा सोप्या शब्दांत सांगितला. संस्थेला निदान दहा माणसं हवीत, तीही वेगवेगळ्या घरांतली. ज्याचा एक भाग त्याचं एक मत, ज्याचे शंभर भाग त्याचंही एकच. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा. भागावर लाभांश द्यायचा तर पंधरा टक्क्यांच्या वर नाही. कागद जुळवता जुळवता हंगाम आला आणि नोंदणी मागे पडली. पण ऐकलेलं डोक्यात राहिलं. बावीस जणांनी प्रत्येकी शंभर रुपये काढले. त्यातून कात्र्या आल्या, मोठी पातेली आली आणि एक जाड वही आली. नोंदणीवाचूनच त्यांनी तिला सोसायटी म्हणायला सुरुवात केली.

नाशिककडे त्या दिवसांत नवं पीक आलं होतं. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्यांना सवलती दिल्या, आणि खाण्याच्या द्राक्षांशेजारी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. ही द्राक्षं निराळी. मणी बारीक, साल जाड, आत बी, पण गोडी भरपूर. शेनिन ब्लाँ, शिराझ, काबर्ने अशी त्यांची नावं. टोळीने त्यांना पांढरी आणि काळी म्हटलं. तोडणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून करायची, कारण ऊन चढलं की फुटका मणी क्रेटमध्येच आंबायला लागतो. वायनरीच्या दारात आधी साखर मोजायचे, मग माल उलगडून पाहायचे. पानं नकोत, सडका घड नको, दबलेला घड नको.

टोळीचा स्वयंपाक करणाऱ्या आणि पोरं सांभाळणाऱ्या म्हातारीला सगळे माय म्हणायचे. वायनरीत येणाऱ्या चकचकीत गाड्या पाहून माय एकदा म्हणाली, ‘आम्ही मोहाची काढली की पोलीस येतात. यांनी द्राक्षाची काढली की साहेब येतात.’ टोळी बराच वेळ हसत राहिली.

पहिल्या हंगामात सगळ्यांना सारखा वाटा ठरला. तोडणाऱ्याला जेवढा, तेवढाच क्रेट वाहणाऱ्याला, तेवढाच आप्पांना, तेवढाच मायला. होळीला परत आले तेव्हा प्रत्येकाच्या हातात आधीपेक्षा जास्त पैसे होते. पाड्यावर कौतुक झालं.

पण टोळीत एक नवरा-बायको होते. त्यांच्या कात्र्या थांबायच्या नाहीत. दुसरे एक ओळ संपवायचे, तोवर यांची दुसरी निम्मी व्हायची. दोघं वर्षभर काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी नवरा म्हणाला, ‘आम्ही दोघं तिघांचं तोडतो. वाटा दोघांचाच.’

म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून दुसऱ्या हंगामात क्रेटवर मजुरी ठरली. जेवढे क्रेट, तेवढे पैसे. मायला क्रेट नव्हते; तिला दिवसाचे थोडे पैसे बांधून दिले. आप्पांचे क्रेट कमी भरायचे, ते त्यांनी हसून सोडून दिलं.

आठवडाभर काम धावलं. मग हळूहळू काहीतरी बिघडलं. सोप्या ओळी कोणाच्या, यावरून पहाटेच भांडणं लागली. पानांच्या आड, खोडाजवळ लपलेले घड वेलीवरच राहू लागले. ते शोधण्यात वेळ जातो. क्रेट पाऊण भरला की भरला म्हणायची पद्धत पडली. सडका घड दिसला तरी कोणी बाजूला काढेना, कारण बाजूला काढलेल्या घडाचे पैसे नव्हते. शेजारच्या ओळीत कोणाची कात्री मोडली, तर तिकडे बघायला कोणी थांबेना. मायला बांधून दिलेले पैसे इतके थोडे होते की तीही क्रेट भरायला बागेत उतरली. पोरं बांधावर एकटी राहिली. त्यातलं एक पोर दुपारी पाण्याच्या टाकीपाशी सापडलं. सापडलं धड, हे त्यांचं नशीब.

त्याच आठवड्यात काळ्या द्राक्षांचा एक ट्रॅक्टर वायनरीच्या दारातून परत आला. क्रेटमध्ये पानं होती, तळाला सड होती. दुपारच्या उन्हात तो माल बागेत परत आला तेव्हा त्याला आंबूस वास मारत होता. बागायतदार ओरडला नाही. त्याने चिठ्ठीवर आकडा खोडला, नवा आकडा लिहिला आणि चिठ्ठी भाऊच्या हातात दिली. नुकसान कोणाच्या क्रेटमुळे झालं, ते कोणालाच सांगता येईना. ते बाविसांत क्रेटच्या प्रमाणात वाटलं गेलं. सगळ्यात जास्त तोडणाऱ्या नवरा-बायकोचं सगळ्यात जास्त कापलं गेलं.

या सगळ्यात भाऊ मात्र वाढत होता. काम शोधणं त्याच्याकडे होतं, कारण मोबाइल त्याच्याकडे होता. दर ठरवणं त्याच्याकडे, कारण बागायतदार त्यालाच ओळखायचे. वही त्याच्याकडे, कारण त्याचं अक्षर चांगलं. कोणाला ताप आला तर गोळ्या तो आणायचा, भांडण झालं तर तो सोडवायचा. हप्त्यावर एक मोटारसायकल त्याने घेतली होती. तिचा उपयोग टोळीलाच व्हायचा, हेही खरं. तोडणीच्या ओळीत तो दिसेनासा झाला.

हंगाम संपताना भाऊ म्हणाला, ‘मला दोन वाटे हवेत. पेट्रोल माझं जातं, फोनचे पैसे माझे जातात. आणि खरं सांगा, मी नसलो तर तुम्हाला काम मिळेल?’

कोणी बोललं नाही. कारण मिळालं नसतं.

मग मायने विचारलं, ‘भाऊ, तू काय काय करतोस, ते एकदा मोजून सांग बरं.’

भाऊने बोटांवर मोजलं. काम शोधतो. दर ठरवतो. अडल्यानडल्याला पैसे देतो. हिशेब लिहितो. औषधपाणी बघतो. भांडणं मिटवतो.

‘मुकादम काय करायचा?’ मायने विचारलं.

भाऊचा चेहरा उतरला. ‘मी त्याच्यासारखे पंचवीस खाल्ले का?’

‘नसशील खाल्ले,’ माय म्हणाली. ‘पण खाल्ले की नाही, हे आम्हाला कळायला वाट कुठंय?’

भाऊने रागाने वही सगळ्यांच्या मधे टाकली. वही बराच वेळ तशीच पडून राहिली. टोळीत अडखळत का होईना वाचू शकणारी तीन माणसं होती. त्यातली सातवीपर्यंत गेलेली एक सून पुढे सरकली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. तारीख, क्रेट, वजन, पैसे. बाकीचे ऐकत होते आणि मधेच म्हणत होते, ‘हो, त्या दिवशी पाऊस आला होता,’ ‘नाही, तेव्हा मी घरी गेलो होतो.’ वाचून संपायला मध्यरात्र झाली.

हिशेब रुपयाला रुपया जुळला.

भाऊ प्रामाणिक होता. त्याचा राग रास्त होता, आणि मायचा प्रश्नही. त्या रात्री आप्पांना त्यांच्या जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आठवला असेल. ते म्हणाले एवढंच, ‘आमची वही अशी कधी वाचलीच गेली नाही.’

मायचं माहेर बारीपाड्याच्या बाजूचं. बारीपाडा याच साक्री तालुक्यातला. तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकात, चैत्राम पवार पुढे झाले तेव्हा, उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं होतं. नियम गावाने बसून केले आणि मोडणाऱ्याला दंडही गावच करायचं. मायने ते सांगितलं आणि म्हणाली, ‘राखणं एकट्यावर टाकलं की तो मालक होतो, नाहीतर थकतो. आपण ही सहा कामं वाटून घेऊ.’

तसं झालं. एका दिवसात नाही. त्या पावसाळ्यात पाड्यावर चार-पाचदा बसावं लागलं. वही दरवर्षी वेगळ्या घरात जाईल आणि दर शनिवारी जेवणानंतर मोठ्याने वाचली जाईल. बागायतदारांचे फोन नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले जातील. दर ठरवायला दरवेळी दोघं जातील, त्यातला एक आधी कधीच न गेलेला असेल. पेट्रोल आणि फोनचा खर्च वाटे करण्याआधीच बाजूला निघेल, पण वाटा भाऊचाही एकच. साक्रीच्या कचेरीत ऐकलेला चौथा हिस्सा पिंपळनेरच्या बँकेत जाईल, तिघांच्या सहीने.

मजुरीचे दोन भाग केले. मोठा भाग हजेरीवर आणि सगळ्यांना सारखा. पोरं सांभाळणारी आणि भाकरी थापणारीही हजेरीत. छोटा भाग ओळीवर. ओळ हातात घेतली की ती साफ संपवायची, खोडाजवळच्या घडासकट, आणि सडकं वेगळं काढायचं. नवरा-बायकोच्या वेगाला त्यात जागा मिळाली. पण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मजुरीत दीडपटीहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असंही ठरलं. हा दीडपटीचा आकडा कुठून आला, ते कोणालाच सांगता यायचं नाही. भांडत भांडत तो तिथे येऊन थांबला.

पहिले काही शनिवार कंटाळवाणे गेले. पहाटे दोनला उठलेली माणसं आकडे ऐकता ऐकता पेंगायची. नवे दोघं दर ठरवायला गेले आणि कमी दरात काम घेऊन आले. भाऊ गेला असता तर पाच रुपये जास्त आणले असते. टोळीने तो तोटा सोसला. पुढच्या वेळी त्याच दोघांनी दर बरोबर आणला. भाऊ पुन्हा ओळीत उतरला. त्याचा हात सुरुवातीला चालेना, त्यावरून पोरींनी त्याची चेष्टा केली.

मग २००८ चा नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला झाला, मोठी हॉटेलं ओस पडली. जगभर मंदी होती. बाटल्या खपेनात, वायनऱ्यांच्या टाक्या जुन्या मालाने भरलेल्या. पुढच्या एक-दोन हंगामांत अनेक वायनऱ्यांनी द्राक्षं उचलायला नकार दिला. वाइनचं द्राक्ष बाजारात खायला कोणी घेत नाही. बागायतदारांनी कुठे वेली उपटल्या, कुठे त्यांच्यावर खाण्याच्या द्राक्षाची कलमं बांधली. टोळीच्या एका बागायतदाराने हात जोडले आणि अर्धेच पैसे दिले. त्याच्याकडेही नव्हते.

त्या आषाढात जुना मुकादम पाड्यावर आला. त्याच्या हातात रोख उचल होती, ऊसतोडीसाठी. सोसायटीने पिंपळनेरच्या बँकेतले राखीव पैसे काढले आणि घराघरात माणसं मोजून वाटले. ते दोन महिने पुरले असते, चार नाही. चार घरांनी मुकादमाची उचल घेतली. त्यात ते भराभर तोडणारे नवरा-बायकोही होते. माय त्यांना निरोप द्यायला वेशीपर्यंत गेली. काही जणांना ते आवडलं नाही.

पुढच्या वर्षी चारही घरं परत आली. त्यांना घ्यायचं का, यावर पाड्यावर मोठं भांडण झालं. ‘अडचणीत सोडून गेले,’ असं एकाने म्हटलं. आप्पा म्हणाले, ‘पोट घेऊन गेले. भाग तर इथंच ठेवून गेले ना?’ वहीत पाहिलं. त्यांचे शंभर-शंभर रुपये जसेच्या तसे होते. मत घेतलं. घ्यायचं ठरलं, पण थोडक्या मतांनी.

वाइनच्या धंद्यात अशी धडपड फार जुनी आहे. दक्षिण फ्रान्सात मारोसां नावाचं एक खेडं आहे. तिथल्या छोट्या द्राक्षवाल्यांनी १९०१ साली सहकारी संस्था काढली आणि तिला ‘मुक्त द्राक्षबागायतदार’ असं नाव दिलं. दलालाला वगळून ते वाइन थेट पॅरिसच्या ग्राहक सहकारी संस्थांना विकायचे. सगळे प्रत्येकासाठी आणि प्रत्येक जण सगळ्यांसाठी, असं त्यांचं ब्रीद होतं. १९०५ मध्ये जाँ जोरेससारखा मोठा समाजवादी नेता ते पाहायला गेला. ब्रीद भिंतीवर लिहिता येतं. दलाल गेल्यावर पिंपं कोण भरणार, पत्रं कोण लिहिणार, दूरच्या शहरात गिऱ्हाईक कोण सांभाळणार, हे मात्र रोज कोणाला तरी करावं लागतं. मुकादम बहुधा वाईटपणातून जन्मत नाही. सगळ्यांनी करायची कामं एकट्यावर सोडून बाकीचे झोपी जातात, तिथे तो जन्मतो. मग तो माणूस कितीही भला असो. पाड्यावरच्या लोकांनी मुकादम एका रात्रीत काढला होता. त्याची सहा कामं अंगावर घ्यायला त्यांना किती हंगाम लागले, आणि तरीही चार घरं का गेली, हे ज्याला सोसायटी काढायची आहे त्याने आधी पाहावं.

त्या वर्षी वही ठेवायची पाळी परत आलेल्या घरातल्या त्या भराभर तोडणाऱ्या बायकोवर आली. कुरकुर झाली, पण पाळी होती. ऊसतोडीला जाण्याआधी ती अक्षरं आणि बेरजा सातवीवाल्या सुनेकडून शिकली होती. दुसऱ्याच शनिवारी तिने मागची पानं वाचताना राखीव पैशांत चाळीस रुपयांचा फरक काढला. बेरीज भाऊच्या हातची होती. भाऊने वही घेतली, दोनदा आकडे लावून पाहिले, खिशातून चाळीस रुपये काढून तिच्यापुढे ठेवले आणि उद्या पहाटे कोणाची कोणती ओळ ते विचारलं.